रमणा ते महाडीबीटी: महाराष्ट्रातील शिष्यवृत्त्यांची वाटचाल

श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या खंडेराव दाभाडे सेनापतींनी सुरू केली. महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्त्यांचा इतिहास तिथपासून धरावा लागतो. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, त्या घराण्याचे बळ ओसरले आणि दक्षिणेचा मान पुण्याला पेशव्यांकडे आला. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे भिंतींनी वेढलेले आवार होते. श्रावणात ठिकठिकाणाहून आलेले ब्राह्मण तिथे जमत आणि दारातून एकेक जण बाहेर पडताना त्याच्या हातावर नाणी पडत. शास्त्री-पंडितांची व्यवस्था वेगळी होती. त्यांची परीक्षा होई आणि विद्वत्ता पाहून रक्कम ठरे. एकाच नावाखाली दोन गोष्टी चालत होत्या. एक जन्म पाहून दिलेले दान, दुसरी परीक्षा घेऊन दिलेले मानधन. पुढे विद्यार्थ्याला पैसा देणारा प्रत्येक जण बदल्यात त्याच्याकडे काहीतरी मागत आला आहे. कोणी जात विचारली, कोणी गुण, कोणी नोकरीचा करार, कोणी उत्पन्नाचा दाखला. अर्जात काय मागितले जाते हे पाहिले, की शिक्षण कोणासाठी आहे याबद्दल त्या काळाचे मत काय होते ते कळते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दक्षिणा एकदम बंद करणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. पुण्यातला विद्वानांचा वर्ग बिथरू नये म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने वर्षाला सुमारे पन्नास हजार रुपयांची दक्षिणा चालू ठेवली आणि तिच्यातलाच काही भाग शिक्षणाकडे वळवला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. इथल्या विद्यार्थ्यांना दरमहा वेतन मिळे. दक्षिणेचा पैसा शिकून झालेल्या पंडिताऐवजी शिकणाऱ्या मुलाच्या हातात जाऊ लागला, हा बदल मोठा होता. मुलगा मात्र ब्राह्मणच होता.

या पैशावरून पुण्यात मोठे भांडण झाले ते १८४९ मध्ये. दक्षिणेतली काही रक्कम मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावी, आणि त्यासाठी लेखकाची जात पाहू नये, असा अर्ज गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी आणि काही नवशिक्षित तरुणांनी सरकारकडे केला. दक्षिणा घेणारा जुना वर्ग खवळला. अर्जदारांच्या अंगावर लोक धावून जातील अशी भीती होती, तेव्हा अवघ्या बाविशीतले जोतीराव फुले दोनशे दणकट माणसे घेऊन त्यांच्या संरक्षणाला उभे राहिले. अर्ज मान्य झाला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. शिष्यवृत्तीच्या पैशासाठी रस्त्यावर उभे राहावे लागण्याची महाराष्ट्रातली ही पहिली वेळ असावी.

दक्षिणेचा शेवटचा अवतार म्हणजे दक्षिणा फेलोशिप. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि त्यानंतर एल्फिन्स्टन कॉलेज व पुण्याच्या कॉलेजात हुशार विद्यार्थ्यांना दक्षिणा फेलो नेमू लागले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्रिंबक तेलंग हे सगळे दक्षिणा फेलो होते. फेलोने स्वतः शिकायचे आणि खालच्या वर्गांना शिकवायचेही. एवढ्यावर देणाऱ्याचे समाधान होत नसे. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना करून आपले माप मराठ्यांच्या पारड्यात टाकले, तेव्हा प्रिन्सिपॉल अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या सरकारचा पैसा घेतो त्याच्यावर टीका करू नये, ही अट छापील नियमात नसली तरी लागू होती.

याच सुमारास देणगीदारांच्या नावाने ठेवलेल्या शिष्यवृत्त्या वाढू लागल्या. दादाभाई नौरोजी १८४० मध्येच एल्फिन्स्टन संस्थेत क्लेअर स्कॉलर झाले होते. १८६५ मध्ये जगन्नाथ शंकरशेट वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात वर येणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. मराठी मध्यमवर्गात 'शंकरशेट स्कॉलर' या दोन शब्दांना जे वजन आले, ते क्वचितच दुसऱ्या पदवीला आले असेल. शंभर वर्षे लोटली तरी घरातल्या म्हाताऱ्याबद्दल बोलताना ही गोष्ट आधी सांगितली जाई. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिला क्रमांक आणि शंकरशेट शिष्यवृत्ती दोन्ही मिळवले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. या शिष्यवृत्तीसाठी कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागत नसे. परीक्षेचा निकाल हाच अर्ज होता.

पण परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचण्याआधी मुलाला जेवायला लागते आणि निजायला जागा लागते. कोकणातून, देशावरून पुण्या-मुंबईला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरांत वाटलेले. एखादे घर सुटले, तर तो वार रिकामा जाई आणि त्या दिवशी उपास घडे. ज्याला वारही मिळाले नाहीत तो झोळी घेऊन माधुकरी मागे. पंगतीत शेवटी बसणे, वाढणाऱ्या बाईच्या मर्जीकडे बघणे, सणाला त्या घरची वरकड कामे करणे, हे सगळे त्या जेवणाच्या किमतीत धरलेले होते. कित्येक नामवंतांच्या आत्मचरित्रांत या वारांच्या आठवणी आहेत. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते याच तऱ्हेच्या मुलांसाठी. आज ती संस्था पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाते.

वारांची ही सोय कितीही अपुरी असली तरी ती एका जातीपुरती होती. कुणब्याच्या, माळ्याच्या मुलाला त्या पंगतीत पान नव्हते, आणि महार-मांगांच्या मुलांना तर ओसरीवरही जागा नव्हती. ही गोष्ट फुल्यांनी सर्वात स्पष्टपणे सरकारपुढे मांडली. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांचा मुद्दा वेगळा काढला आहे. चढाओढीची परीक्षा घेऊन शिष्यवृत्ती देणे न्यायाचे दिसते, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या बाजूला काढाव्यात, अशी त्यांची सूचना होती. पुढच्या शंभर वर्षांतले शिष्यवृत्तीविषयीचे सगळे वाद या निवेदनात बीजरूपाने सापडतात. सरकारने ते तेव्हा बाजूला ठेवले, ही त्या काळची मोठी चूक होती.

सरकार हलले नाही तरी समाजातली माणसे हलली. गंगारामभाऊ म्हस्के यांनी १८८० च्या दशकात पुण्यात मराठा मुलांच्या शिक्षणाला मदत करणारी संस्था काढली. विठ्ठल रामजी शिंदे यांचे कॉलेजचे शिक्षण अशाच आधारांवर झाले. १९०१ मध्ये युनिटेरियन शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, तेव्हा जहाजाचे भाडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिले. परतल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभे केले.

फुल्यांच्या म्हणण्याला मोठ्या प्रमाणावर उत्तर दिले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. फी माफ करून भागत नाही, मुलाला शहरात छप्पर आणि दोन वेळची भाकरी मिळाली पाहिजे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले. त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची बोर्डिंगे निघाली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराज जागा देत, इमारतीला मदत करत, वर्षासन बांधून देत आणि कारभार त्या-त्या समाजाच्या माणसांवर सोपवत. जातवार बोर्डिंगे काढल्याने जातिभेद पक्का होतो, ही टीका तेव्हाही झाली. पण ज्या मुलाला कोणीच पंगतीला घेत नव्हते त्याच्यासाठी आधी त्याची स्वतःची पंगत मांडणे भाग होते. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते उगाच नाही.

भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवायला बसवले. पैसा कमी पडे तेव्हा घरोघरी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायला सांगत. हा मुष्टिफंड. बोर्डिंगातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले मंगळसूत्रही मोडले. १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले तेव्हा 'कमवा आणि शिका' ही पद्धत तिथे कॉलेजच्या पातळीवर आली. विद्यार्थी शेतात, बांधकामावर राबत आणि त्यातून आपला खर्च भागवत. इथे देणाऱ्याने विद्यार्थ्याकडे मागितले ते त्याचे श्रम.

परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांत अटींचे रंग आणखी वेगळे दिसतात. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये ठेवलेल्या निधीतून पैसे मिळत ते कर्जाऊ. परत आल्यावर फेडायचे, म्हणजे तेच पुढच्या मुलाला देता येतात. या निधीचा पहिला लाभ दोन स्त्री-डॉक्टरांना झाला. एक फ्रेनी कामा, दुसऱ्या पुढे कोल्हापुरात नावाजलेल्या कृष्णाबाई केळवकर. त्या काळात पहिली निवड दोन बायकांची व्हावी, ही गोष्ट आजही थांबून पाहण्याजोगी आहे. या निधीवर गेलेल्यांत पुढे केंब्रिजला शिकायला गेलेले जयंत नारळीकरही आहेत. हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती परीक्षेतल्या यशावर मिळे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिच्यावर १८९६ मध्ये केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला परतले.

याच्या अगदी उलट टोकाला सरदारसिंग राणा यांनी ठेवलेली शिवाजी शिष्यवृत्ती होती. श्यामजी कृष्णवर्मा आणि त्यांचे सहकारी लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या देत. त्या घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी कधीच करायची नाही, ही त्यांची अट. विनायक दामोदर सावरकरांचा अर्ज लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने गेला आणि १९०६ मध्ये ते लंडनला पोचले. सरकारी नोकरी हेच बहुतेकांच्या शिक्षणाचे ध्येय असलेल्या काळात ही अट घालणे म्हणजे विद्यार्थ्याकडून त्याचे पुढचे सगळे आयुष्य मागून घेण्यासारखे होते.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड या काळातले सर्वात मोठे दाते. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचा अभ्यास करून कलकत्त्यात स्थिरावत असताना महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहावे, एवढीच अट होती. कोसंबींनी चांगल्या पगाराची जागा सोडून हे पन्नास रुपये घेतले, आणि मराठीत बौद्ध वाङ्मय आले ते त्यामुळे.

भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांची बाजू सयाजीरावांपुढे मांडली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातल्या शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. बी.ए. झाल्यावर, १९१३ मध्ये, काही विद्यार्थी अमेरिकेत पाठवण्याचा बडोदे सरकारचा बेत होता. मुंबईत महाराजांची भेट झाली, अर्ज झाला आणि ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. नेमून दिलेला अभ्यास पुरा करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा तो करार. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. जुलैमध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवायचे, पोट मारायचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला हजर झाले. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच कागद फेकत आणि शहरात राहायला खोली मिळेना. ज्या पारशी खानावळीत ते उतरले होते तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दहा वर्षांचा करार काही दिवसांत मोडला, आणि मोडला तो त्यांच्याकडून नव्हे. शिष्यवृत्तीने माणसाला कोलंबियापर्यंत नेले, पण बडोद्यात एक खोली मिळवून देणे तिच्या हातात नव्हते. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज, अशी जुळवाजुळव करावी लागली.

हा अनुभव आंबेडकरांनी धोरणात उतरवला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, तसेच परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि १९४४-४५ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती अनुसूचित जमातींनाही मिळू लागली. आज 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात ओळखली जाते ती हीच. तिच्यात महाराजांची मर्जी नव्हती, करार नव्हता आणि शिक्षण झाल्यावर परतफेडही नव्हती. शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्यांदाच हक्काचा कागद झाला.

हक्क म्हटला की पुरावा आला. जातीच्या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न १९५६ च्या धर्मांतरानंतर एकाएकी जीवघेणा झाला. बौद्ध झालेली मुले केंद्राच्या यादीतून बाहेर पडली आणि त्यांच्या शिष्यवृत्त्या अडल्या. १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, तर केंद्राच्या कायद्यात ती दुरुस्ती व्हायला १९९० उजाडले. चव्हाणांच्याच काळात कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना जात न पाहता फी माफ करणारी ईबीसी सवलत आली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असल्याचा दाखला ही त्या पिढीच्या कॉलेजप्रवेशाची किल्ली ठरली. खेड्यापाड्यांतली, घरात पहिल्यांदाच कॉलेजचे तोंड पाहिलेली मुले या सवलतीवर शिकली. राहण्याचा प्रश्न तरीही होताच. १९५५ मध्ये पुण्यात अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली ती त्यासाठी.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि शिष्यवृत्तीचे स्वरूपच पालटले. तोपर्यंत तिचा अर्थ विद्यार्थ्याच्या हातातला महिन्याचा पैसा असा होता. आता खर्चाचा मोठा भाग फी झाला आणि सरकार विद्यार्थ्याच्या वतीने ती फी कॉलेजला भरू लागले. विद्यार्थ्याला स्वतःला मिळणारा निर्वाहभत्ता त्या मानाने किरकोळ उरला. सरकारकडून पैसे यायला उशीर झाला की कॉलेज मुलाची कागदपत्रे अडवून धरी, आणि शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीपुढची रांग लांबत जाई. रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दाखल्यांच्या झेरॉक्सच्या चार-चार प्रती, हे चित्र महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी पाहिले आहे.

गेल्या दशकात योजनांची नावे आणि मर्यादा बदलल्या. जुनी ईबीसी सवलत २०१६ मध्ये राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत आली आणि उत्पन्नाची मर्यादा पुढे आठ लाखांवर गेली. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना निघाली. जेवण आणि खोली यांचे पैसे थेट खात्यावर देणारी ही योजना म्हणजे शाहूंच्या बोर्डिंगाच्या कल्पनेचाच आजचा अवतार होय. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा साठ टक्के ठरला आणि फीचे पैसेही आधी विद्यार्थ्याच्या खात्यावर देण्याचा नियम आला. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी राज्य सरकार पूर्ण भरते.

आता अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर होतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, काही प्रवर्गांना नॉन क्रीमी लेयर, रहिवासी दाखला, आधीच्या परीक्षेची गुणपत्रिका, मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र, आणि प्रवेशाची पावती, इतके कागद जोडावे लागतात. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनवर तपासला जातो, मग संबंधित विभागाच्या. त्रुटी निघाली तर तो विद्यार्थ्याकडे परत येतो आणि वेळेत दुरुस्त केला नाही तर त्या वर्षापुरता बाद होतो. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. म्हणून बारावीचा निकाल लागण्याआधी, उन्हाळ्याच्या सुटीतच सेतू केंद्रात जाऊन दाखले काढून ठेवावेत, आणि बँक खाते आधारशी जोडले आहे ना हे स्वतः बँकेत विचारून यावे. खाते जोडलेले नसेल तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही जमा होत नाही.